बेटाच्या पोटात गेलेला चेंडू

"गेला," भोंगा म्हणाला आणि बॅट खांद्यावर टाकून उभा राहिला.

मुंगी धावत हिरवळीच्या टोकाला आली. नव्या रंगमंचाच्या पायरीशी जमिनीत ताटलीएवढं भोक पडलं होतं आणि तिचा पिवळा चेंडू त्यात गडप झाला होता. तिने पालथं पडून खांद्यापर्यंत हात आत घातला. तळ काही लागेना. खारट वाऱ्याची झुळूक मात्र तोंडावर आली.

चालताना सतत जमिनीकडे बघायची, म्हणून तिला आत्याने मुंगी हे नाव ठेवलं होतं. बंदराच्या मधोमध असलेल्या या बेटावर लोक फिरायला येत, आणि त्यांना ने-आण करणारी लाँच आत्या चालवायची. सुट्टीत मुंगी तिच्याकडे आली की आत्याची दोन्ही मुलं, म्हणजे खणखणीत आवाजाचा भोंगा आणि त्याची धाकटी बहीण ठमी, तिला घेऊन पहिल्याच फेरीने बेटावर येऊन धडकत.

"उंदराचं बीळ आहे ते," रंगमंच बांधणारे ठेकेदारकाका लांबूनच म्हणाले. "मी रोज पाटीभर माती टाकतो, ते रोज उकरतात. व्हा बाजूला."

"एवढी माती उंदीर ठेवतात कुठे?" ठमीने विचारलं.

"खिशात," असं म्हणून काका फोनवर बोलायला लागले.

दुपारी परत जाताना मुंगी लाँचच्या कठड्याला रेलून बसली होती. अचानक ती ताडकन उठली. बेटाच्या दगडी भिंतीखाली, पाण्यावर, पिवळा चेंडू डुलत होता. भोंग्याने आकडीच्या काठीने तो ओढून घेतला. मुंगीने शाईने काढलेल्या मिश्या त्यावर तशाच होत्या.

"जमिनीत पडलेला चेंडू समुद्रात कसा आला?" भोंगा म्हणाला.

"हे बेट मुळात जमीन नव्हतंच," आत्या म्हणाली. "बंदर खोल करताना गाळ निघाला. तो टाकायचा कुठे? म्हणून समुद्रात दगडांची गोल भिंत बांधली आणि आत गाळ ओतला."

मुंगी भिंतीकडे बघत राहिली. ओहोटी लागली होती. बेटाखालून येणाऱ्या एका जुन्या मोरीचं तोंड उघडं पडलं होतं आणि त्यातून चहासारखं पाणी बाहेर येत होतं.

"आत्या, चेंडू जिथून आला तिथूनच मातीही वाहून जातेय," ती हळूच म्हणाली. "उद्या त्या रंगमंचावर तीन शाळांची मुलं गाणार आहेत."

आत्याने लाँच वळवली. ती स्वतः ठेकेदारकाकांशी बोलली, पण काकांनी ते हसण्यावारी नेलं. "चेंडू यांनीच भिंतीवरून फेकला असेल. उद्या खुद्द बंदरप्रमुख येणार आहेत, आणि तुम्ही पोरांचं काय ऐकता?" एवढं बोलून त्यांनी भोकावर फळी टाकली आणि फळीवर सतरंजी अंथरली.

"बंदरप्रमुख कोणाच्या लाँचने येणार?" मुंगीने परतताना विचारलं.

"माझ्या," आत्या म्हणाली. तिने मुंगीकडे रोखून पाहिलं. "डोक्यात काय शिजतंय ते नीट सांग. आणि फजिती झाली, तर आठवडाभर लाँच धुवायला तिघं."

दुसऱ्या दिवशी दुपारी, ओहोटी लागताच, भोंगा आणि ठमी आधीच्या फेरीने बेटावर गेले. माळीबाबांनी कुंड्या रंगवायला आणलेल्या गेरूतला थोडा मागून घेऊन त्यांनी दोन बादल्या कालवल्या आणि फळी थोडी सरकवून ते भोकाशी उभे राहिले. पुढच्या फेरीला बंदरप्रमुख बाई चढल्या. उंच, पांढऱ्या गणवेशातल्या, फारसं न बोलणाऱ्या.  आत्याने ठरल्याप्रमाणे लाँच भिंतीच्या कडेने घेतली आणि मुंगीने ओढणी हलवली.

"ओततोय!" भोंग्याचा आवाज आला आणि भिंतीवरचे पक्षी भर्रकन उडाले.

मोरीतलं पाणी तपकिरीच राहिलं. मुंगीला वाटलं, आता लाँच धुवावी लागणार. तेवढ्यात पाण्यात एक तांबडी रेघ उतरली, जाड झाली आणि समुद्रात लालभडक पसरत गेली.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"गेरू आहे, बाई. रंगमंचाच्या पायरीशी ओतलेला. काल आमचा चेंडू असाच बाहेर आला." मुंगीने एका दमात सगळं सांगून टाकलं.

 फोन काढून बाई एवढंच म्हणाल्या, "एकाही मुलाला रंगमंचावर चढवू नका."

ठेकेदारकाका धक्क्यावर पुष्पगुच्छ घेऊन उभे होते. "बाई, तिथे उंदीर फार झालेत हो."

"उंदीर गेरू लावतात का?"

फळी हटवून कामगारांनी पहार मारली. दुसऱ्याच घावाला पायरी खचली आणि खाली अख्खी खोली मावेल एवढी पोकळी उघडी पडली. काकांचा चेहरा उतरला. खांबासाठी खणताना खाली काहीतरी फुटल्याचा आवाज आला होता, पण दगड असेल म्हणून त्यांनी वरून माती लोटली होती. फुटलं होतं ते मोरीचं छत. तेव्हापासून प्रत्येक ओहोटी बेट थोडं थोडं पळवत होती.

गाणी झालीच. बेटाच्या दुसऱ्या टोकाला, झाडांखाली, गवतावर उभं राहून मुलं बेंबीच्या देठापासून गायली. मग बाईंनी तिघांना पुढे बोलावलं. "आज इथे काही वाईट घडलं नाही, ते या तिघांमुळे," त्या म्हणाल्या. "मोठ्यांनी झाकलं, यांनी दाखवलं." टाळ्या थांबेनात. ठेकेदारकाकांनी तो पुष्पगुच्छ मुकाट्याने ठमीच्या हातात दिला.

"बक्षीस काय हवं?" बाईंनी विचारलं.

"खड्ड्यात बघायचंय," मुंगी म्हणाली.

कामगारांनी कडा फळ्यांनी बांधून घेतल्यावर तिघं आत्याबरोबर शिडीवरून उतरली. वर बागेची तांबडी माती होती. तिच्याखाली काळाकुट्ट थर. "इथे आगबोटींचा कोळसा साठवायचे," आत्या म्हणाली. त्याच्याखाली चुन्याचा पांढरा पट्टा. "त्याआधी दवाखाना होता. जहाजावर साथ आली की खलाशांना इथेच वेगळं ठेवायचे." आणि सगळ्यात खाली राखाडी, शिंपल्यांनी भरलेला गाळ.

मुंगीने त्यावर तळहात टेकवला. गाळ गार होता. एक इवलासा गुलाबी शिंपला आपसूक तिच्या बोटांत आला. तिने तो उजेडात फिरवून पाहिला आणि अंगठ्याने होता तिथेच परत दाबून बसवला. बेटाची आधीच बरीच माती गेली होती.