उजव्या खुर्चीतला आवाज

विमान नवी मुंबईच्या धावपट्टीकडे सावकाश सरकत होतं. तेवढ्यात आईचा आवाज म्हणाला, "शलाके, पाणी प्यायलीस का?"

कॅप्टन शलाका तेंडोलकरने उत्तर दिलं नाही. आईला जाऊन वर्ष उलटलं होतं.

"हे कुठून आलं?" तिने मागे न बघता विचारलं. मागच्या निरीक्षकाच्या आसनावर हर्षल भोईटे बसला होता. ज्या यंत्रातून हा आवाज येत होता, ते त्याने घडवलं होतं. "आई कॉकपिटमध्ये असलं काही बोलायची नाही. मी एकदाच तिच्याबरोबर उडाले. तेव्हा मला कॅप्टन म्हणत होती, तेही चिडवायला."

"तुमच्या बाबांनी घरचे व्हॉइस मेसेज दिले, मॅडम. म्हटलं, आवाजाला जरा ऊब येईल."

"उबेसाठी विमानात हीटर आहे."

उजव्या खुर्चीतले कॅप्टन रणदिवे हसले. ते 'अपरांत एअरलाइन्स'चे उड्डाणप्रमुख. आईबरोबर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं, आणि जमिनीवर शलाका त्यांना काका म्हणायची. आज त्यांना काम असं काही नव्हतं. हात मांडीवर ठेवून बसायचं आणि नियमाप्रमाणे खुर्ची भरायची, एवढंच.

कारण ही खुर्ची लवकरच रिकामी होणार होती. कंपनीने यंत्राचं नाव ठेवलं होतं 'सोबत'. एका वैमानिकाच्या सगळ्या उड्डाणांच्या नोंदी त्याला शिकवायच्या: वारा कसा होता, हात कधी हलला, तोंडातून काय निघालं. त्यातून त्या माणसासारखा विचार करणारा आणि त्याच्याच आवाजात बोलणारा सहवैमानिक तयार होतो. पहिली निवड झाली ती कॅप्टन प्रमिला तेंडोलकरांची. कंपनीत त्यांच्याइतकं नाव दुसऱ्या कुणाचं नव्हतं. नवी मुंबई ते कोल्हापूर, चाचणीचं हे शेवटचं उड्डाण. ते निर्वेध पार पडलं की नियामकांची परवानगी येणार, आणि पुढच्या महिन्यापासून अपरांतच्या छोट्या मार्गांवर एकच माणूस विमान नेणार. विमानतळावर फलक आधीच लागले होते. त्यांवर आईचा गणवेशातला फोटो होता आणि खाली तीन शब्द: आई सोबत आहे.

शलाकाने विरोध केला नव्हता. शेवटच्या आजारात आईचा आवाज गेला होता आणि बाबांनी ते महिने तिच्या ओठांकडे बघत काढले होते. आता शलाका उड्डाणावरून परतली की ते दारातच विचारायचे, "आज काय म्हणाली?" ती एखादं वाक्य सांगायची. तेवढ्यावर त्यांना जेवण जायचं.

दार उघडून रेश्मा मुजावर डोकावली. प्रवाशांचं बघणारी, मूळची कोल्हापूरचीच. "केबिन तयार हाय, ताई. काय म्हणत्यात आज आईसाहेब?"

"पाणी पी म्हणतात."

"मग प्या की! जित्या आईचं ऐकत नव्हता, निदान हिचं तरी ऐका."

सह्याद्रीवरून विमान दुपारच्या उन्हात सहज निघालं. 'सोबत' अचूक बोलत होती. वाऱ्याचा अंदाज, उतरण कुठे सुरू करायची, पुढच्या विमानापासून किती अंतर राखायचं, सगळं आईच्या त्या कोरड्या, शब्द मोजणाऱ्या ढंगात. शलाकाला एकदा वाटलं, मान वळवली तर दिसेल. तिने मान वळवली नाही.

कोल्हापूर जवळ आलं तसं खालचं चित्र बदललं. ऊसतोडणी संपलेल्या फडांत पाचट पेटवलं होतं आणि पांढरट धूर जमिनीलगत लोळत होता. वारा फिरला तसा त्याचा एक पट्टा धावपट्टीच्या तोंडावर येऊन बसला.

"दृश्यता मर्यादेत आहे," आईचा आवाज म्हणाला. "उष्णता-कॅमेऱ्यात धावपट्टी स्पष्ट आहे. चालू ठेव."

ते खरं होतं. समोरच्या काचेवर कॅमेऱ्याने रेखलेली धावपट्टी हिरव्या रेषांत चमकत होती, आणि नव्या नियमानुसार तेवढं पुरेसं होतं. शलाकाने रेषांपलीकडे नजर लावली. धूर. उंची उतरत गेली. धूरच.

"निर्णयाची उंची," आवाज म्हणाला. उतरायचं की नाही, ते इथेच ठरवायचं. "उतर, शलाके."

"वर," शलाका म्हणाली.

अपरांतमध्ये हा शब्द साधा नव्हता. सकाळची वर्तमानपत्रं राज्याच्या टोकापर्यंत पोचवणाऱ्या दोन जुन्या विमानांवर ही कंपनी सुरू झाली होती. त्यातलं एक सातपुड्यात आदळलं. उतरावं की परत वर जावं, यावर दोघे वैमानिक अखेरपर्यंत वाद घालत होते, असं सापडलेल्या ध्वनिमुद्रणात निघालं. तेव्हापासून प्रथा पडली. उतरताना दोघांपैकी कुणाच्याही तोंडून 'वर' निघालं, की दुसऱ्याने एक अक्षर न बोलता विमान वर न्यायला हात द्यायचा. सांगणारा कालचा पोर असो की चूक असो. वाद घालायचा तो जमिनीवर.

शलाकाने इंजिनांना पूर्ण जोर दिला आणि विमानाचं नाक उचललं. "चाकं आत!"

रणदिवे क्षणभर थबकले. मग त्यांचा हात मांडीवरून उठला आणि चाकं आत गेली. विमान धुरातून स्वच्छ निळ्यात आलं.

"गरज नव्हती," आईचा आवाज म्हणाला. "कॅमेऱ्यात धावपट्टी रिकामी होती. इंधन वाया गेलं, शलाके."

शलाका दचकली. धुराने नव्हे, या वाक्याने.

"हर्षल," ती म्हणाली, "हिला गप्प कर."

"मॅडम, चाचणी चालू असताना बंद केलं तर नोंद—"

"माझी आई हवेत वाद घालत नव्हती. बंद कर."

हर्षलने यंत्र बंद केलं. एक फेरी होईतो धूर सरकला, आणि शलाका-रणदिवे या दोन माणसांनी विमान अलगद उतरवलं.

विमान थांबलं. जमिनीवर पाय ठेवायच्या आधीच रणदिवे म्हणाले, "आता घालू वाद? मी आत्ताच टॉवरला विचारून घेतलं. धावपट्टी साफ होती. कॅमेरा बरोबर होता, 'सोबत' बरोबर होती. चूक तुझी झाली."

"असेल."

"असेल काय, पोरी! शेवटच्या उड्डाणाला डाग लावलास. तोही आईच्या नावाला."

"आई किती वेळा विनाकारण वर गेली असेल, काका? तुम्ही शेजारी असायचा. एकदा तरी म्हणालात का, गरज नव्हती?"

मागून हर्षलचा आवाज आला. तो मांडीवरच्या पडद्यात डोकं खुपसून बसला होता. "मॅडम... त्यांच्या नोंदींत 'वर' हा शब्दच नाहीये."

"काय?"

"म्हणजे होता. आम्ही उतरण्याचे तुकडे पाडले. जो तुकडा चाकं टेकून संपत नाही, तो अर्धवट, नोंदीत बिघाड आहे असं धरून गाळला. ज्या ज्या वैमानिकांच्या नोंदी घेतल्या, त्या सगळ्यांचेच गाळले." त्याने मान वर केली. चेहरा उतरला होता. "त्या जितक्या वेळा वर गेल्या, ते सगळं आम्ही कचरा म्हणून टाकलं. या यंत्राने त्यांना कधी माघार घेताना पाहिलेलंच नाही."

"चूक झाली ना? मग तसं कळवा," शलाका म्हणाली. मग तिचं लक्ष रणदिव्यांकडे गेलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं."

"मधल्या चाचण्यांत लक्षात आलं," रणदिवे शांतपणे म्हणाले. "बघ, प्रमिला उत्तम वैमानिक होती, पण शंकेखोर. तिची माघार वजा केली तर काय उरतं? निव्वळ कौशल्य. विमानं वेळेवर पोचतील. छोट्या गावांचे मार्ग तोट्यात म्हणून बंद करावे लागणार नाहीत. त्यातच तिचं नाव राहील. आणि तुझ्या बाबांना तरी दुसरं काय हवंय?"

"माघार वजा केल्यावर नुसता आवाज उरतो, काका. तो तुम्ही फलकावर लावलात."

तिने प्रवाशांशी बोलायचा माइक उचलला. रणदिव्यांनी हात पुढे केला. "शलाका, विचार कर. नोकरी जाईल."

"हात मांडीवर ठेवा, सर."

दार अजून उघडलं नव्हतं. उभं राहून बॅगा काढणारे प्रवासी थबकले.

"मी कॅप्टन शलाका तेंडोलकर. मघाशी आपण उतरता उतरता वर गेलो. यंत्राने उतरा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. कदाचित माझी चूक असेल, सुखरूप उतरलोही असतो. पण त्या यंत्राला माझ्या आईचा आवाज दिला आहे, आणि ती जेव्हा जेव्हा माघारी वळली, ते सगळं त्यातून गाळलेलं आहे. हे कंपनीला माहीत आहे. आज माझ्या शेजारी माणूस होता. पुढच्या महिन्यापासून नसेल. तिकीट काढताना हे विचारा. फलकावरचा फोटो माझ्या आईचा आहे, पण ते शब्द तिचे नाहीत."

मग मधल्या रांगेतून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा खणखणीत आवाज कॉकपिटपर्यंत आला. "अहो, पण मग परत जायचं तिकीट काढलंय आम्ही! त्यात कोण बसणारे?"

"विचारा की तुमीच खाली जाऊन," रेश्मा म्हणाली. "दार उघडते मी. कचेरी डाव्या हाताला हाय."

त्यांच्यामागोमाग सगळं विमान डाव्या हाताला गेलं.

शलाकाला त्याच संध्याकाळी कामावरून दूर केलं गेलं. पण ते निवेदन कुणीतरी फोनवर टिपलं होतं. अपरांतचे वैमानिक एकेक करून सांगू लागले, उजवी खुर्ची रिकामी असेल तर आम्ही डाव्या खुर्चीत बसणार नाही. नियामकांनी परवानगी रोखली आणि जाहीर सुनावणी ठेवली. साक्ष द्यायला शलाकाला बोलावलं.

बाबा या सगळ्यात तिच्याशी जेमतेम बोलले. दारातला प्रश्न बंद झाला. एकदा जेवताना म्हणाले, "तुला नको होती ती, तर नको. मला तरी विचारायचंस." शलाकाने हातातला घास ताटात ठेवला. तरी तिने शब्द मागे घेतले नाहीत.

सुनावणीच्या दिवशी सकाळी हर्षलचा फोन आला. "गाळलेले तुकडे मी परत जोडलेत, मॅडम. सगळे. साक्षीआधी एकदा ऐका. बाबांनाही आणा."

प्रशिक्षण केंद्रातल्या नकली कॉकपिटमध्ये तिघे जमले. शलाका डावीकडे, हर्षल मागे. बाबा उजवीकडच्या खुर्चीशी आले, खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि न बसता शेजारी उभे राहिले. पडद्यावर तेच कोल्हापूर, तोच धूर. विमान उतरू लागलं.

आवाज आला, पण आता तो वेगळा होता. कमी बोलत होता. दोन वाक्यांमध्ये थांबत होता, जणू खिडकीतून बघतोय. पाण्याची आठवण नाही, लाडाची हाक नाही. धुराची पहिली कड दिसली, निर्णयाची उंची अजून दूर होती, आणि आवाज म्हणाला, "वर."

शलाकापेक्षा कितीतरी आधी.

तिचा हात आपोआप इंजिनांवर गेला. बाबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "हीच ती," ते म्हणाले. "शलाका, ही तीच आहे गं."

ती होती. शलाकाने मुद्दाम पुन्हा उतरायला घेतलं. आवाज पुन्हा म्हणाला, "वर." एका अक्षराने वाद नाही, कारण नाही.

"काल रणदिवे सरांनाही ऐकवलं," हर्षल मागून म्हणाला. "सर म्हणाले, ठीक आहे, हीच बसवू. इंधनाचा खर्च सोसू. फक्त तुम्ही आज साक्षीत हो म्हणायचं."

बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. किती महिन्यांनी. "तू म्हणत होतीस ते त्यांनी ऐकलं. आता ती पुरी आहे. आता काय हरकत आहे, बाळा?"

शलाका पडद्याकडे बघत राहिली. विमान धुराच्या वर येऊन निळ्यात स्थिरावलं होतं. हो म्हटलं तर आज संध्याकाळी बाबा दारात उभे असतील. तिने बाबांचा हात आपल्या हातात घेतला.

"बाबा, मी नाही म्हणणार आहे."

"का पण? हीच तर ती!"

"आई वर का जायची? भित्री नव्हती ती. त्या विमानात तीही असायची, आणि खाली तुम्ही स्वयंपाक करून वाट बघत असायचा. तिला घरी यायचं असायचं." तिने त्या रिकाम्या उजव्या खुर्चीकडे मान वळवली, पहिल्यांदाच, आणि पूर्ण बघितलं. "याला कुठे यायचंय, बाबा?"