टपावर बसवलेला दिवा

टपावर एलईडी दिव्यांचा बार लावायचा असेल तर खुशाल लावा, गाडी तुमची आहे. माझं म्हणणं एवढंच, की माझ्या साडूकडे नेऊ नका. तो हेडलाइट बदलून देईल, हॉर्न बसवेल, जळालेली वायरिंग अख्खी नवी ओढून देईल, पण टपावरचा दिवा म्हटलं की सरळ हात जोडतो. त्याला कारणही विचारू नका. मला त्याने एकदाच सांगितलं, तेही खोदून खोदून विचारलं तेव्हा.

बसा. आणि तो फाटकावरचा दिवा राहू द्या चालू.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार. साडूच्या दुकानात संध्याकाळी गुरांच्या डॉक्टर बाई आल्या. पन्नाशीच्या बाई, आवाज खणखणीत, अडलेली गाय सोडवायची तर खांद्यापर्यंत हात घालणाऱ्या. त्यांची जुनी जीप साडूच सांभाळायचा. बाईंनी मागच्या सीटवरून एक लांबट खोकं काढलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं. नवाकोरा एलईडी बार, चांगला हातभराहून लांब.

"वायरमन, हा आजच बसला पाहिजे," बाई म्हणाल्या.

साडू हसला. "बाई, लग्नाच्या वरातीला निघालात का? एवढा उजेड कशाला?"

बाईंनी आधी आजूबाजूला कोणी नाही ना ते बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "कोणाला बोलू नका. मला रात्रीचं नीट दिसेनासं झालंय. हेडलाइटच्या पलीकडे रस्ता विरघळतो. परवा एका दगडावर आदळता आदळता वाचले. रात्रीचे कॉल सोडले तर या भागातली गुरं कोणी बघायची?"

साडूने खोकं उघडलं. कामाला लागला. आता काम कसं असतं ते तुम्हाला सांगून ठेवतो, उद्या कोणी फसवायला नको. बार सरळ हेडलाइटच्या वायरीला जोडायचा नाही, वायर तापून जळते. बॅटरीपासून वेगळी जाड वायर घ्यायची, बॅटरीजवळच फ्यूज, मग रिले, म्हणजे बटणावरचा भार उचलणारी डबी, मग वायर वर टपापर्यंत. डॅशबोर्डवर एक लहानसं बटण. जिथे पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी कडी, नाहीतर पत्रा वायर कापतो. हे सगळं त्याने मन लावून केलं. टपाच्या पुढच्या कडेला दोन ब्रॅकेट, चार बोल्ट. साडेनऊला बटण दाबलं आणि समोरची भिंत अशी पांढरी झाली, की चहावाला दुकानाबाहेर येऊन बघायला लागला.

आता राहिलं झोत जुळवायचं. बार किती वर, किती खाली, हे अंधाऱ्या रस्त्यावरच कळतं. दुकानात बसून होत नाही. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. कालव्याकाठच्या वस्तीवरचा गवळी. गाय अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर आला होता.

"कालव्याच्या रस्त्याने या," गवळी म्हणाला. "दुसऱ्या फाट्याला डावीकडे. मी फाट्यावर येऊन थांबतो."

बाई म्हणाल्या, "चला वायरमन, जाता जाता झोतही जुळवून होईल."

साडूने पाना खिशात टाकला आणि शेजारी बसला. मध्ये रस्त्यात एकदा थांबून त्याने बार बोटभर खाली केला. मग बाई निवांत झाल्या. म्हणाल्या, "कित्येक दिवसांनी रस्ता नीट दिसतोय मला." घरच्या गप्पा निघाल्या. बाईंची लेक परदेशात, ती रोज फोनवर सांगते, आई आता पुरे कर. बाई तिला रोज बरं म्हणतात.

कालव्याच्या रस्त्याला लागले तेव्हा अकराला वीस मिनिटं कमी होती. साडूने घड्याळ बघितलं होतं. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला शेतं. ना घर, ना खांब. पहिला फाटा गेला.

आणि बाई म्हणाल्या, "तो बघा, आलाय गवळी."

झोत जिथे संपत होता, अगदी तिथे, रस्त्याच्या मधोमध एक माणूस उभा होता. हात वर करून बोलावत होता. या... या.

"डोळे दिपतील त्याचे," असं म्हणून बाईंनी बार बंद केला.

हेडलाइटच्या उजेडात रस्ता रिकामा. साडूला वाटलं, लांब आहे, तेवढं हेडलाइट पोचत नाही. गाडी पुढे गेली. आता दिसायला हवा होता. नाही दिसला.

बाईंनी बार लावला. तो होता. तेवढ्याच अंतरावर. हात हलवत.

"पुढे पुढे चाललाय वाटतं," बाई म्हणाल्या.

साडूने डोळे बारीक करून समोर बघितलं. त्याच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. एवढ्या उजेडात बांधावरच्या गवताची पाती वेगळी दिसत होती. मग या माणसाचा सदरा का दिसत नाही? तोंड का दिसत नाही? तो सगळाच्या सगळा काळा होता. आणि चालत नव्हता. त्याचे पाय हलतच नव्हते... फक्त हात.

"बाई, दुसरा फाटा गेला का?"

"अहो, तो समोर बोलावतोय की."

रस्ता कच्चा झाला. चाकाखाली खडी वाजायला लागली. मग खडीही संपली. साडूने काच खाली केली. थंड हवा आली, आणि आवाज आला.

पाण्याचा.

"बाई, थांबा."

"अहो, रस्ता सरळ..."

"थांबा म्हणतो ना."

गाडी थांबली. साडू खाली उतरला आणि बॉनेटच्या पुढे गेला. पुढच्या बंपरपासून दोन पावलांवर जमीनच नव्हती. खाली कालवा, इथे वळून रस्त्याला आडवा आलेला. कधीकाळी तिथे पूल असावा, आता नुसता एक तुटका कठडा. पलीकडच्या काठावर रस्ता पुन्हा सुरू होत होता. बारच्या झोताने पलीकडचा रस्ता असा लख्ख उजळला होता, की मधली फट गाडीतून दिसलीच नसती. आणखी एक चाक फिरलं असतं, तर दोघंही पाण्यात.

पलीकडच्या रस्त्यावर तो उभा होता. बोलावत होता.

 साडू झोतात उभा, म्हणून त्याची स्वतःची सावली पलीकडच्या काठावर पडली होती. लांबलचक. त्याने ती बघितली. मग त्या माणसाकडे बघितलं. मग पुन्हा सावलीकडे.

दोन्ही सारख्याच काळ्या होत्या. सारख्याच सपाट. रस्त्याच्या खळग्यात दोन्ही सारख्याच वाकत होत्या.

तो माणूस नव्हता. तीही सावलीच होती.

आता तुम्ही वायरिंग शिकला नाहीत, तरी एवढं कळेल. सावली पुढे पडायची, तर दिव्यासमोर काहीतरी असावं लागतं. दिवा टपावर.

साडू वळला नाही. वळून उपयोगही नव्हता, त्या उजेडाकडे तोंड केलं की काही दिसत नाही. तो तसाच पाठमोरा उभा. गाडीत बाईंचा फोन वाजला. बाईंनी उचलला, आवाज मोठा केला होता. उघड्या काचेतून त्याला सगळं ऐकू आलं.

"बाई, फाटा चुकलात तुम्ही," गवळी म्हणत होता. "मी मागे उभा आहे. तुमची गाडी दिसतेय मला. तिथे कालवा आहे, पुढे जाऊ नका."

"मग पुढे कोण आहे? कोणीतरी हात करतंय आम्हाला."

फोनवर नुसती खरखर.

"अहो, ऐकू येतंय का?"

"बाई..." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "टपावर कोणाला बसवलंय?"

बाईंचं बोट बटणावर गेलं.

"पुढे वाकून बसलाय. दिव्यापुढे हात हलवतोय..."

बाईंनी बटण बंद केलं, पाठोपाठ हेडलाइटही.

अंधार.

साडूला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मग टपाचा पत्रा वाजला. कोणी अंग सावरून बसावं, तसा. एकदाच.

मग काही नाही.

बाई कशा उतरल्या, पिशवी कशी घेतली, त्यांचं त्यांना माहीत नाही. त्यांचा हात साडूच्या मनगटाला लागला, गार पडलेला. दोघं गाडीच्या कडेने, पत्र्याला अंग न लावता, मागे आले. लांब गवळ्याची बॅटरी दिसत होती. त्या उजेडावर नजर ठेवून चालत राहिले. वर कोणी बघितलं नाही. दोनेकशे पावलांची वाट असेल, साडू म्हणतो, जन्मभर चालल्यासारखं वाटलं.

 गवळी बॅटरी दाखवत पुढे झाला. तिघं गोठ्यात गेले, आणि बाईंनी बाही वर केली. हात धुतले आणि गायीपाशी बसल्या. दीड तास झगडल्या. रात्री एकच्या आधी वासरू बाहेर आलं, जिवंत. बाई तिथेच भिंतीला टेकून बसल्या आणि रडल्या. साडूने त्यांना पाणी दिलं. उजाडेपर्यंत कोणी गोठ्याबाहेर पाऊल टाकलं नाही.

सव्वासहाला तिघं गाडीशी गेले. गाडी होती तशीच, काठापासून दोन पावलांवर. साडूने खिशातला पाना काढला, बार उतरवला आणि जोडलेल्या वायरीसकट कालव्यात टाकला. त्यानंतर बाईंनी रात्रीचे कॉल सोडले. लेकीला सांगितलं, तुझं ऐकलं. खरं कारण तिला आजतागायत माहीत नाही.

तो कोण होता, म्हणून विचाराल. कोणाला माहीत? गवळ्याने सांगितलं नाही, आणि साडूने विचारायची हिंमत केली नाही.

पण त्या सकाळी त्याने एक गोष्ट बघितली. रात्री दव पडलं होतं. बॉनेट ओलं, काचा ओल्या, टप सगळा ओला. फक्त पुढच्या कडेला, बारच्या मागे, एवढी जागा कोरडी. माणूस मांडी घालून बसेल एवढी.

मी म्हणालो, "अरे, बारच्या उष्णतेने सुकली असेल."

तो म्हणाला, "मीही तेच म्हणालो होतो. ये, दाखवतो."

ती जीप बाईंच्या दवाखान्यामागे उघड्यावर उभी आहे. बॅटरी काढलेली, चाकातली हवा गेलेली. कोणी चालवत नाही. मागच्या थंडीत आम्ही पहाटे गेलो. दवाने आमच्या चपला भिजल्या. जीपवरून पाणी ओघळत होतं.

तेवढी जागा कोरडी होती.

मी हात लावून बघितला. पत्रा गार लागायला हवा होता...

गार नव्हता.