तिसऱ्या कडव्याचा दुसरा सूर

रविवारी उपासनेला अर्धा तास उरला असताना पाळकबाई चर्चच्या मागच्या खोलीत डोकावल्या आणि दारातच थबकल्या. शिवणयंत्रावर अर्धवट शिवलेला पडदा होता, सुई कापडात तशीच अडकलेली. बिछान्याला सुरकुती नव्हती. शिवणवालीचा पत्ता नव्हता.

उपासना तशीच उरकली. मोबाइलवर साडेतीनशे माणसं बघत होती, त्यांना काहीच कळलं नाही.

फौजदारबाई आल्या तेव्हा बारा वाजत आले होते. त्यांनी खोली बारकाईनं पाहिली. कपडे खुंटीवर, पिशवी खाटेखाली. फक्त चपला नव्हत्या.

"जाते म्हणून गेलेली नाही ही," त्या पाळकांना म्हणाल्या. "कधीपासून होती इथे?"

"चार महिने. नवऱ्याच्या मारातून सुटून आली. मुलीला घेऊन निघता आलं नाही, ती त्याच्याकडेच राहिली."

"नवऱ्याला इथला पत्ता?"

"शक्यच नाही. ती कुठून आली, हे आम्हा तिघांनाच माहीत. मी, माझी बायको आणि चर्चचं पेज सांभाळणाऱ्या ग्रंथपालबाई. बाकी मंडळीला ती शिवणवर्गाची बाई. नावसुद्धा बदललेलं."

"लाइव्हमध्ये कधी दिसली?"

"कधीच नाही. कॅमेरा व्यासपीठावर असतो. ती खांबामागे बसायची."

"काल शेवटची कुणी पाहिली?"

"मी," पाळकबाई म्हणाल्या. "चारला गाण्याची तालीम होती. पाच वाजता ती फाटकाकडे गेली, दोरा आणायला."

फौजदारबाईंनी वहीत लिहिलं. नवऱ्यानं नेलं, हे उघड होतं. त्याचा फोन बंद होता. त्याच्या घरी जायला तीन तास लागणार होते. पण त्याला सांगितलं कुणी? तिघं एकाच टेबलाशी बसले होते आणि एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हते. वीस वर्षांचा संसार असलेले पाळकसुद्धा बायकोकडे चोरून बघत होते.

ग्रंथपालबाईंनी न मागता आपला फोन पुढे सरकवला. "बघा, सगळं बघा. मी कुणाला एक अक्षर बोललेली नाही."

"पेजवर लोक लिहितात, ते दाखवा."

बाईंचा चेहरा जरा उजळला. "आधी बाकं रिकामी असायची हो. आता अंथरुणाला खिळलेली माणसंही प्रार्थनेत असतात. या आजी बघा. गुडघे गेलेत, पण एक रविवार चुकवत नाहीत."

आजींच्या नावापुढे फुलांचा फोटो होता. सात तारखेला त्यांनी लिहिलं होतं, "बाळांनो, ते संध्याकाळचं जुनं गीत घ्या ना. तिसऱ्या कडव्याला दुसरा सूर लावता ना तुम्ही?"

चौदा तारखेला गीत घेतलं होतं. फौजदारबाईंनी ते लावलं. दोन कडवी सरळ गेली. तिसऱ्याला मंडळीच्या आवाजाखालून एका बाईचा आवाज वेगळ्याच सुरात वर आला, आधी दबकत, मग मोकळा.

खाली आजींनी विचारलं होतं, "कोण गं ही गोड गळ्याची?" त्यावर ग्रंथपालबाईंचं उत्तर, "आमच्या ताई आहेत, शिवण शिकवतात." मग, "तालीम कधी असते?" आणि उत्तर, "शनिवारी चारला. बरं वाटलं की या ना, आजी!"

एकवीस तारखेपासून आजी गप्प होत्या.

"हा दुसरा सूर तुमच्या पुस्तकात आहे?" फौजदारबाईंनी पाळकबाईंना विचारलं.

"नाही. मी तीस वर्षं ऑर्गन वाजवते, त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. नंतर विचारलं, तर म्हणाली, वारलेल्या वडिलांनी घरी बसवला होता. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं."

फौजदारबाई उठून बाहेर गेल्या. सायबर विभागातल्या सहकाऱ्याशी बराच वेळ बोलल्या. मग दोन तास वाट पाहिली. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

"तुमच्यात फितूर कुणी नाही," त्या म्हणाल्या. "तारखा बघा. आजींनी सातला विचारलं. ती गायली चौदाला. जो सूर पुस्तकात नाही, इथे कुणी कधी ऐकला नाही, तो आजींना आठवडाभर आधी कसा माहीत? तो माहीत होता फक्त तिच्या घरच्यांना. वडील गेले. उरला नवरा."

"म्हणजे आजी..." पाळक म्हणाले.

"आजी नाहीतच. ती पळाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात हे खातं उघडलंय, त्याच्याच फोनवरून. एकोणीस चर्चच्या पेजवर हाच प्रश्न, हेच गीत. ती चर्च सोडणार नाही आणि हे गीत लागलं की गप्प बसणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एकोणीस ठिकाणी गळ टाकून तो घरी कान लावून बसला. आवाज ओळखला. मग फक्त वेळ विचारायची राहिली होती."

ग्रंथपालबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी त्या आजींच्या गुडघ्यांसाठी रोज प्रार्थना करत होते हो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता फौजदारबाई नवऱ्याच्या दारात उभ्या होत्या. दार त्यानंच उघडलं. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा.

"आजींचं खातं तुमचं?"

"हो. बायको हरवली, शोधू नको? गाणं मागितलं, साहेब. गाणं मागणं गुन्हा आहे का?"

शिवणवाली आतून आली. ओढणी गळ्याशी घट्ट धरलेली.

"मी माझ्या मर्जीनं आले आहे," ती म्हणाली.

फौजदारबाईंनी त्याला बाहेर थांबायला सांगून तिला स्वयंपाकघरात नेलं. आत पाच मिनिटं मिळाली.

"तक्रार द्या. मी आत्ताच्या आत्ता घेऊन जाते तुम्हाला."

"गाडीच्या मागच्या सीटवर मुलगी बसवली होती त्यानं. मला बघून हसली. मग काय राहतं?"

"मुलीलाही घेऊ."

"कोर्टात तो म्हणेल, आई टाकून गेली. गेलेच होते ना मी? आणि मुलगी आत्ता शाळेत नाही, त्याची आई तिला घेऊन गेलीय. कुठे ते मलाही सांगत नाही."

"माझा नंबर पाठ करा."

"करते," ती म्हणाली. "पण फोन कुणाच्या फोनवरून करू?"

मुलीचा शोध घेते, एवढंच फौजदारबाई म्हणाल्या. तिनं मान हलवली, समोरच्याची समजूत घालायला हलवावी तशी.

बाहेरच्या खोलीत त्यांनी जबाब लिहिला. कुणाच्याही दबावाखाली नाही, स्वखुशीनं राहत आहे. तिनं तो दोनदा वाचला. "स्वखुशीनं"मधला खु ऱ्हस्व हवा की दीर्घ, ते विचारलं.

सहीसाठी पेन त्यानंच पुढे केलं.