पाचाची शेपटी

नर्स दुकानात आली ती आधीच रडून घेऊन. डोळे कोरडे होते, पण आवाज चिरकला होता. औषधवाल्याला वाटलं, घशाची गोळी मागेल.

"तुमच्या मावशी गुन्हे शोधतात ना?" ती म्हणाली. "आज संध्याकाळी पोलीस मला न्यायला येणार आहेत. मी त्यांना मारलं नाही हो."

औषधवाल्याने निमूटपणे शटर ओढलं. मावशीचं नाव निघालं की त्याचा अर्धा दिवस बुडायचा, हे त्याने कधीच मान्य करून टाकलं होतं.

मावशी आतल्या खोलीत पेपर वाचत बसल्या होत्या. घडी करून त्यांनी तो मांडीखाली ठेवला. "बस. अगदी पहिल्यापासून सांग."

मेलेल्या म्हाताऱ्याला सगळे अक्षरबुवा म्हणत. संगणकावर जी अक्षरं दिसतात त्यांची वळणं काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा वेदनेचं औषध पंपातून थेट शिरेत जायचं आणि पंपाला हुकूम द्यायचा उशाशी ठेवलेला संगणक. त्या संगणकावर सगळं त्यांच्या भाषेत, त्यांच्याच अक्षरांत. मरताना परकी अक्षरं डोळ्यांसमोर नकोत, असा त्यांचा हट्ट होता.

"परवा रात्री आठला मी मात्रा भरली. दोन," नर्स म्हणाली. "दोनाची कळ पाहून दाबली. पडद्यावर दोन उमटलं तेही पाहिलं. पण पंप म्हणतो, मी आठ भरले."

औषधवाल्याने हातातल्या किल्ल्या खाली ठेवल्या. "आठाने बैलसुद्धा उठायचा नाही."

"बुवा उठलेच नाहीत." नर्सने ओठ आवळले. "आणि एक सांगते, हसू नका. माझ्या मनगटावर आठ वाजले होते आणि संगणकाच्या घड्याळात दोन. पोलिसांना सांगितलं, तर म्हणाले, बाई, तुम्ही भांबावला होता."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी चप्पल शोधायला घेतली.

बुवांची खोली गार होती आणि पडदे ओढलेले होते. गादी काढून नेली होती, पण पंप तसाच उभा होता आणि त्यावरचा हिरवा दिवा अजून जळत होता. औषधवाला त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला, मग पाठ केली म्हणून जास्तच अस्वस्थ झाला.

भिंतीवर बुवांच्या हातचे दहा आकडे चौकटीत लावलेले होते. ठसठशीत, जुन्या वळणाचे. त्यातल्या पाचाची शेपटी मुरकत थेट तळापर्यंत गेली होती. संगणक चालू होता. कोपऱ्यातलं घड्याळ ५:१५ दाखवत होतं, दोन्ही पाच कसे सुबक आणि आटोपशीर. औषधवाल्याने आपल्या घड्याळाशी ताडून पाहिलं. वेळ बरोबर होती.

"हे घड्याळ कोणी दुरुस्त केलं का गं?" मावशींनी त्यांना आत घेऊन आलेल्या बुवांच्या लेकीला विचारलं.

"नाही. त्याला कोणी हातच लावला नाही."

कोणती कळ दाबली की कोणतं अक्षर उमटावं, हे ठरवणं लेकीचं काम. कळफलकांचे आराखडे ती बसल्या जागी, संगणकाच्या आतूनच बदलायची. अक्षरांच्या वळणांना मात्र तिने कधी हात लावला नव्हता. घरातला नियमच होता तो.

"सिस्टर कशी टाइप करायची?"

"एका बोटाने, कळा शोधत शोधत. बाबा चिडवायचे तिला." लेकीने कळफलक मावशींकडे सरकवला. "या संगणकावर बाबांचा फाँट मीच बसवला, त्यांना हवा तस्सा. येत्या आठवड्यात तो सगळ्या जगासाठी खुला करणार होते. एकदा सुटला की मग बदलणं नाही."

मावशी कळफलकावर वाकल्या. आकड्यांच्या कळांवरून त्यांनी नख फिरवलं आणि भाच्याला बोटाने खुणावलं. दोन आणि आठ यांच्या कडांवर बारीक ओरखडे होते.

"जुना कळफलक आहे मावशी. ओरखडे असायचेच."

"दोनच कळांवर?"

औषधवाल्याने वाकून बाकीच्या कळा पाहिल्या. त्या गुळगुळीत होत्या.

दारात बुवांचा चेला उभा होता. केव्हापासून, ते कोणालाच कळलं नाही. बुवांचा हात थरथरायला लागल्यापासून वळणं तोच काढायचा.

"बुवांशी तुझं पटायचं?" मावशींनी विचारलं.

"भांडण एकच. शेपटीवरून." त्याने भिंतीकडे बघितलंही नाही. "बारीक आकारात ती खालच्या ओळीत घुसते. हजारदा सांगितलं, ऐकलं नाही."

"त्या दिवशी आला होतास?"

"दुपारी. बुवा गुंगीत होते. रात्री कळल्यावर पुन्हा आलो. सगळे प्रेताबरोबर गेले, मी इथे थांबलो. कोणीतरी थांबायला हवं ना?"

तेवढ्यात पोलीस अधिकारी आले. नर्स आपोआप उठून उभी राहिली.

"साहेब, पाच मिनिटं," मावशी म्हणाल्या. "हिला न्यायचं की नाही, ते नंतर ठरवा. ही भांबावली नव्हती. त्या रात्री या संगणकाच्या फाँटमध्ये आठाच्या जागी दोनाचं चित्र होतं आणि दोनाच्या जागी आठाचं. म्हणून आठ वाजता घड्याळात दोन दिसले."

"पण मी दोनाचीच कळ दाबली," नर्स पुटपुटली.

"कळेवरची टोपी दोनाची, खालची कळ आठाची. त्या दोन टोप्या उपटून त्यांची अदलाबदल केली होती. ओरखडे त्याचेच. तू दोन पाहून दाबलंस, पंपाला आठ गेले आणि पडद्याने तुला दोन दाखवले. पंपाला चित्र कळत नाही."

अधिकारी लेकीकडे वळले. "कळफलक तर यांचं काम."

"म्हणूनच ही नव्हे. हिने आतून बदललं असतं, टोप्या कशाला उपटेल? हे करणाऱ्याला कळफलकातलं काही येत नव्हतं. वळणातलं मात्र सगळं येत होतं. दुपारी बुवा गुंगीत असताना त्याने अदलाबदल केली आणि रात्री एकटा थांबून सगळं जागेवर ठेवलं. जवळजवळ सगळं." मावशींनी पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "मुली, तो पाच बघ."

घड्याळात ५:५० झाले होते. लेकीने पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "शेपटी..." ती म्हणाली. "बाबांची शेपटी कुठे गेली?"

औषधवाला त्या पाचाकडे बघतच राहिला. अर्ध्या तासापूर्वी त्यानेच त्याचं मनातल्या मनात कौतुक केलं होतं.

"ती शेपटी जगभर जाऊ नये म्हणून बुवांना संपवलंस. पण बुवांचा फाँट तुझ्याजवळ होता," मावशी चेल्याला म्हणाल्या. "तोच परत ठेवला असतास, तर ही बाई आज तुरुंगात गेली असती आणि मीही हात हलवत परतले असते."

चेल्याने पहिल्यांदाच भिंतीकडे पाहिलं.

"ठेवला होता," तो म्हणाला. "अगदी निघालोही होतो. पण ते गचाळ वळण डोळ्यांना बघवेना. मागे फिरलो आणि माझा बसवला."

अधिकाऱ्यांनी त्याचा दंड धरला. जाताना तो पंपाकडे नाही, पडद्याकडे वळून बघत होता.

लेकीने संगणक पुढे ओढून बाबांचा फाँट परत बसवला. घड्याळातल्या पाचाला एकदम लांब, मुरकती शेपटी फुटली.

नर्स अजून उभीच होती. तिने मनगट वर करून वेळ पाहिली, मग पडद्यावर पाहिली, पुन्हा मनगटावर पाहिली. दोन्हीकडे एकच होती. मग ती मटकन खुर्चीत बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली.