घाटावरची ओसरी

मे महिन्यात अमरावतीत दुपारी दोनला रस्त्यावर दिसणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर त्याच्या घरचा कूलर बिघडलेला असतो. संध्याचा कूलर ठणठणीत होता. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या संध्याला सुट्टी लागली होती, अर्जुननगरातल्या भाड्याच्या फ्लॅटच्या खिडक्यांना तिने जाड चादरी लावल्या होत्या आणि आज काही म्हणजे काही करायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं. तेवढ्यात कुलदीपचा मेसेज आला. एक लिंक, आणि खाली, 'आठवते का वं?'

कुलदीप अकोल्याचा. डाबकी रोडवर त्याचा सायबर कॅफे होता. आता त्याच जागी तो मोबाईलची कव्हरं विकतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्या कॅफेत निम्म्या अकोल्याची पोरं 'काल्डवेन' नावाचा परदेशी ऑनलाइन खेळ खेळायची. जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी त्या खोट्या मुलखात हिंडायची, लढायची, घरं बांधायची. आपल्या पोरांनी त्याचं नाव 'कालवण' करून टाकलं होतं. लिंक होती त्या खेळाच्या एका जुन्या अपडेटची. खेळात नवीन काय येणार, हे कंपनीने पहिल्यांदा दाखवलं तो व्हिडिओ.

संध्याने लॅपटॉप उघडला, लिंकवर बोट नेलं आणि तिथेच थांबली. धर्मेंद्र गेल्यापासून तिने कालवणाचं नाव काढलं नव्हतं.

धर्मेंद्र तिचा मोठा भाऊ. त्याला आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, मग समोरचं. नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तो कॉलेजात होता आणि संध्या पाचवीत. कॉलेज सुटलं, क्रिकेट सुटलं, मित्र हळूहळू यायचे थांबले. कालवण तेवढं सुटलं नाही, कारण संध्या त्याचे डोळे झाली. ती कीबोर्डवर, तो शेजारी खुर्चीवर. "उजवीकडं काय हाये?" तो विचारायचा. ती सांगायची, आणि तिच्या सांगण्यावर तो लढाया जिंकायचा. शाळेत तिने कधी इतकं नेटकं उत्तर दिलं नसेल.

तो अपडेट दाखवला त्या संध्याकाळी अकोल्याच्या घरी नेटचा डोंगल खिडकीच्या गजाला बांधला होता. संध्या तेव्हा नववीत. व्हिडिओ सुरू झाला, थोडा चालला, आणि अडकला. पडद्यावर ते गोल चाक फिरायला लागलं. तिने भावाकडे पाहिलं. तो मान पुढे काढून, तोंड अर्धवट उघडं ठेवून ऐकत होता. कितीतरी दिवसांत इतका आनंदी दिसला नव्हता. त्याला 'अडकलं' म्हणायचं तिच्या जिवावर आलं.

म्हणून ती बोलत राहिली. "दादा, नदी आली. मोठ्ठी. घाट हाये, काया दगडाचा. एक घर हाये, त्याले ओसरी. ओसरीत कोनीतरी बसलं हाये."

"कोन?"

"दिसत नाई. पाठमोरा हाये."

"चांगलं हाये," तो म्हणाला. "आपन तिथं जाऊ, संध्ये."

दुसऱ्या दिवशी तिने कुलदीपच्या कॅफेत अख्खा व्हिडिओ पाहिला. अडकलेल्या जागी नुसत्या नव्या ढाली आणि शिरस्त्राणं होती. नदी नव्हती. तिने भावाला ते सांगितलं नाही; अपडेट यायला महिना होता, तेव्हाचं तेव्हा पाहू. महिना भरायच्या आत धर्मेंद्र डेंग्यूने गेला. जाऊ तिथं, जाऊ तिथं, असं तापात दोनदा म्हणाला. तेव्हापासून संध्याला एकच गोष्ट खात आली. आपण त्याला नसलेल्या गावाचा पत्ता दिला.

कूलर घरघरत होता. तिने लिंक दाबली.

संगीत तेच, डोंगर तेच. मग ढगातून खाली येत कॅमेरा वळला आणि नदी आली.

मोठी नदी, काळ्या दगडाचा घाट. घाटावर एक घर. ओसरीत एक माणूस, पाठमोरा.

तिने व्हिडिओ थांबवला, घोटभर पाणी घेतलं आणि शिक्षिकेला शोभेलशी तपासणी सुरू केली. व्हिडिओची तारीख जुनीच होती. खालच्या प्रतिक्रियाही जुन्या, कुठल्याकुठल्या देशांतल्या. 'तो घाट! काय दिवस होते!' म्हणून लोक हळहळले होते. मग तिने कुलदीपला फोन लावला.

"कुलदीप, या व्हिडिओत नदी होती?"

"होती म्हंजे? त्या घाटाच्यासाठीच तर आमी मरत होतो. काहून?"

"तुझ्याच कॅफेत पाहिला होता मी. ढाली होत्या तिथे."

"येडी झाली का? घाट होता, घर होतं, त्याच्यात तो मानूस बसे. आमी लय खटपट केली, पन त्यानं काई तोंड दाखवलं नाई. कोनालेच नाई." त्याचा आवाज उतरला. "धर्माले लय आवडलं असतं ते."

संध्याने फोन ठेवला.

आठवण दगा देते, हे तिला माहीत होतं. पुष्कळांची एकदम देते, हेही तिने वाचलं होतं. तिने व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी चित्र मोठं करून. घाटाच्या प्रत्येक पायरीच्या काठावर पांढरा पट्टा होता, हाताने मारलेला, कुठे जाड कुठे बारीक. अकोल्याच्या घरी जिन्याच्या पायऱ्यांना असेच पट्टे होते. धर्मेंद्रला थोडंफार दिसत होतं तेव्हा पडू नये म्हणून बाबांनी चुना लावला होता. हे तिने त्या संध्याकाळी सांगितलं नव्हतं. तिने फक्त घाट म्हटलं होतं.

म्हणजे हा तिच्या मनातला घाट नव्हता. ऐकताना धर्मेंद्रने मनात पाहिला, तो होता.

तिला रडू आलं. भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटेल, असं तिने स्वतःला बजावलं. आत्ता एवढंच कळत होतं की गाव होतं. पत्ता खोटा नव्हता.

तिने व्हिडिओचा आवाज बंद केला, खुर्ची पुढे ओढली आणि पूर्वीसारखं सांगायला लागली. कॉलेजात शिकवायला लागल्यापासून जिभेवरून गेलेली बोली आपोआप परत आली. "दादा, नदी आली..."

पडद्यावर गोल चाक फिरायला लागलं.

नेट चांगलं होतं. तरी चाक फिरत होतं. खालची वेळ थांबली होती, आणि चाकाच्या मागे पाणी वाहत होतं.

"वारा सुटला हाये," ती हळूच म्हणाली.

ओसरीतल्या माणसाचा सदरा हलला.

यंत्राला ऐकू यायला माइक लागतो, आणि लॅपटॉपचा माइक तिने ऑनलाइन तास संपल्यापासून बंद ठेवला होता. हे तिला आठवलं. तरी ती बोलली.

"तो मानूस उठला."

तो उठला. उठताना त्याने डाव्या हाताने खांब चाचपला.

"वळला."

धर्मेंद्र होता. होता तेवढाच, विशीतला, विरळ मिशीचा. फक्त डोळे वेगळे होते. ते थेट तिच्याकडे बघत होते आणि त्यांना दिसत होतं.

"दादा," ती म्हणाली.

ती गप्प झाली तरी चित्र थांबलं नाही. त्याचे ओठ हलत होते. तिने आवाज सुरू केला.

"...खोली हाये," धर्मेंद्र सांगत होता. तिला नव्हे, आपल्या शेजारी कोणाला तरी. "खिडक्याईले चादरी लावल्या हायेत. कूलर चालू हाये. एक बाई बसली हाये, चष्मेवाली."

"कोन हाये, दादा?" चित्राबाहेरून एका पोरीने विचारलं.

तो आवाज संध्याने ओळखला. नववीतला, तिचा स्वतःचा.

धर्मेंद्रने डोळे बारीक करून नीट पाहिलं. त्याने बहिणीला शेवटचं पाहिलं तेव्हा ती पाचवीत होती, दोन वेण्या घालत होती. "वळखू येत नाई," तो म्हणाला. "आपल्यातली नाई वाटत."

त्याची संध्या त्याच्यापाशी होती. मग ही इथे बसलेली कोण?

"मी हाये, दादा," ती ओरडली. "मीच हाये वो!"

त्याला ऐकू गेलं नाही.

"रडून राहिली का ते?" पोरीने विचारलं. तिला वाईट वाटल्याचं आवाजात कळत होतं.

धर्मेंद्रने पुन्हा समोर पाहिलं. समोरच्या बाईचे गाल भिजले होते, ते त्याला दिसत होतं. मग तो शेजारी वळला आणि त्याचा चेहरा मऊ झाला.

"नाई," तो म्हणाला. "हासून राहिली."

संध्याचे ओठ दोन्हीकडे ताणले गेले. तिने ते मिटायचा प्रयत्न केला. मिटेनात.

"मंग आता?"

"आता उठून राहिली. इकडंच येते."

फरशीवर स्वतःची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज तिला ऐकू आला.