चौथा ठिपका

प्रयोगशाळेचं दार ढकललं आणि ती थबकलीच. तिच्या मुळांच्या अर्काची बाटली... त्याच्या हातात!

"काय चाललंय?"

"काही नाही... लेबल वाचत होतो."

काही नाही म्हणे! पाय न वाजवता वावरतो म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला बोका म्हणत. शेजारच्या टेबलावर येऊन महिनाही झाला नव्हता. हसला की गालाला खळी पडायची, आणि असलेच जास्त डांबिस असतात, असं तिने ठरवून टाकलं होतं.

कारणही तसंच होतं. त्या औषधी मुळांत तीन द्रव्यं असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. अर्क काचपट्टीवर चढवला की प्रत्येक द्रव्याचा एकेक ठिपका दिसतो; तिच्या पट्टीवर मात्र दिव्याखाली चौथा ठिपका उमटला होता. नवं द्रव्य! उद्याच्या सभेत प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमसमोर ती ते मांडणार होती. आधीच कुणी पळवलं, तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

दुपारी तो चहा घेऊन आला. "साखर कमी. बरोबर?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"बघतो ना मी."

"अजून काय काय बघता?"

त्याचे कान लाल झाले. गोड दिसत होता मेला! पण कुठेतरी पाणी मुरत होतं खास.

संध्याकाळी ती विसरलेली छत्री न्यायला परतली, तर त्याच्या टेबलावर तिचीच मुळं, आणि दिव्याखाली काचपट्टी.

"चोर!" तिचा आवाज चिरकला. "माझं द्रव्य ढापताय!"

"ऐका तरी... हीच मुळं मी काचेच्या बुचाच्या बाटलीत भिजवली. ठिपके तीनच आले."

"म्हणजे?"

"चौथा मुळांतला नाही... तुमच्या बाटलीच्या प्लॅस्टिकच्या बुचातून उतरलाय. मागच्या नोकरीत मीही असंच बूच नवं द्रव्य म्हणून मांडलं होतं. भर सभेत. लोक पोट धरून हसले."

ती मटकन स्टुलावर बसली. नवं द्रव्य म्हणे... आणि निघालं काय, तर बूच! डोळे भरून आले.

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"खात्री नव्हती. आणि तो ठिपका सापडल्यापासून तुम्ही गुणगुणत काम करता... ते थांबलं असतं."

चोर म्हणवून घेतलं, पण उद्याच्या हशातून तिला वाचवलं याने. तिने आपल्या बाटलीचं ते बूच काढून कचऱ्यात भिरकावलं.

"उद्या तीनच सांगेन. शेजारी उभे राहाल?"

"राहीन की."

"आणि दुपारच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. अजून काय काय बघता?"

"तुम्हाला," तो हळूच म्हणाला. "बाकी काहीच नाही."

या वेळी तिला जराही संशय आला नाही.