उलट मोजलेला रस्ता

"अजून किती खोकी?" ढापण्याने विचारलं आणि भरलेल्या खोक्यावरच बसकण मारली.

"ऊठ! पुस्तकं आहेत त्यात!" त्याची ताई ओरडली.

सुट्टीत मजा करायला म्हणून दोघं भावंडं आत्याकडे आली होती. आणि करत काय होती? आत्याचं पुस्तकबांधणीचं दुकान खोक्यांत भरत होती! दारावर लाल फुली होती. म्हणजे सोमवारी घर पाडणार. वारसा कचेरीने या जुन्या रस्त्यावरच्या खास घरांना पितळी पाट्या ठोकल्या आणि यादीत आत्याच्या एक्केचाळीस नंबरपुढे लिहिलं, 'इतिहास नाही'. झालं! खाली दुकान, वर घर, आत्याचं सगळं जग तेवढंच. पण कागदावर ते एका ओळीत संपलं.

कचेऱ्यांचे खेटे घालून आत्याचे पाय सुजले होते. ती नुसती म्हणाली, "जा रे, जरा मोकळी हवा खाऊन या."

आत्याची मुलगी बारकी त्यांना घेऊन निघाली. रस्त्याच्या एका बाजूला ओळीने सेहेचाळीस घरं, दुसऱ्या बाजूला पडकी तटबंदी. ऊन मी म्हणत होतं. नऊ नंबरच्या औषधाच्या दुकानावर पाटी होती: 'जुनी बेकरी. भट्टीचं उंच धुराडं आजही उभं आहे.'

ढापण्याने चष्मा पुसून वर पाहिलं. "कुठंय धुराडं?"

"तुझ्या डोक्यावर!"

"अगं, खरंच नाहीये!"

"धुराडं अडतीस नंबरला आहे," बारकी म्हणाली. "माझा पतंग अडकलाय त्याला."

पाय ओढत तिघं तिथवर गेले. धुराडं होतं! ताई दमून पायरीवर टेकली, तर बोटांना दगडात कोरलेला आकडा लागला. नऊ!

"अडतीसच्या पायरीवर नऊ कसा?"

"आता पुलाकडून मोजतात," बारकी म्हणाली. "पण पूल तर नंतर झाला. आधी वेशीकडून मोजत असतील."

"आणि कचेरीतल्या शहाण्यांनी जुन्या वहीतले आकडे नव्या दारांना लावले!" ताई भडकली. "एकदा मान वर करून बघायला काय झालं होतं?"

ढापण्या बोटं मोजत होता. "नऊ आणि अडतीस, सत्तेचाळीस. मग आपलं एक्केचाळीस म्हणजे जुनं... सहा!"

दमलोय हे विसरून तिघं पळत सुटले. सहा नंबरला इस्त्रीचं दुकान होतं. पाटी म्हणत होती: 'शहरातली मुलींची पहिली शाळा. तळमजल्यावर तीन दगडी कमानी.'

"कमानी?" इस्त्रीवाले काका हसले. "बाळांनो, इथे मला पाठ ताठ करायला जागा नाही!"

घरी येऊन ताईने पायरीवरचा रंग खरवडला. खाली सहा! मग रिकामी कपाटं सरकवली. मागे, चुन्याच्या थराखाली, विटांनी बुजवलेल्या तीन कमानी उभ्या होत्या.

आत्याने दगडावर हात ठेवला. "वीस वर्षं यांना पाठ लावून काम केलं मी. पण कचेरीत ऐकणार कोण? अर्ज द्या, उद्या या, साहेब जेवायला गेलेत. मला आता ते जिने चढवत नाहीत गं."

"तू नकोच चढूस," ताई म्हणाली. "त्यांनाच इथे आणू."

दर शनिवारी कचेरीचा साहेब पाहुण्यांना हा रस्ता दाखवायचा. या शनिवारी तर कचेरीच्या मोठ्या बाईही आल्या होत्या. तिघं गर्दीत घुसले. नऊ नंबरपुढे साहेब घोकलेलं म्हणत होता, "...धुराडं आजही उभं आहे."

"साहेब, दाखवा ना!" ढापण्या ओरडला.

साहेबाने वर पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच! "ते... पडलं असेल."

"पडलं नाही, अडतीस नंबरला आहे!" बारकी म्हणाली. गर्दी हसली.

"ए पोरांनो, मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका!"

"तुम्ही वेळेवर खुपसलं असतंत तर आम्हाला खुपसावं लागलं नसतं!" ताई म्हणाली. "चला सगळे!"

आणि सगळे निघाले! आधी धुराडं, मग आत्याचं दुकान. मोठ्या बाईंनी पायरीवरचा सहा पाहिला, तिन्ही कमानी मोजल्या.

"यादी कोणी तपासली?"

"मी, बाई," साहेब पुटपुटला. "टेबलावर."

"रस्त्यावर येऊन?"

बाईंनी तिथेच खोक्यावर कागद ठेवून लिहिलं: पाडकाम रद्द. खाली सही केली. मग त्या मुलांकडे वळल्या. "माझ्या कचेरीत चाळीस माणसं आहेत. डोळे मात्र तुम्हा तिघांनीच उघडले. शाबास! पाट्या बदलताना तुम्हीच पुढे चाला."

गर्दी पांगली. आत्याने कागद दोनदा वाचला. "गुणाची गं माझी पोरं," एवढंच तिला म्हणता आलं. मग भर दुपारी ती बांधणीच्या टेबलावर आडवी झाली.

इस्त्रीवाले काका अभिनंदन करायला दारातूनच मोठ्याने हाक मारत आले. बारकीने ओठांवर बोट ठेवलं.

"श्श! काका, हळू! आई झोपलीय. किती दिवसांनी झोपलीय!"